४२० झेंडे, ९०० बिया: ओपन-वर्ल्ड गेममधल्या ‘गोळा करा’चा इतिहास

नोव्हेंबर २००७मध्ये युबिसॉफ्टचा ‘असॅसिन्स क्रीड’ आला. काळ ११९१चा, तिसऱ्या क्रुसेडचा. नायक अल्तायर, आणि फिरायला दमास्कस, एकर, जेरुसलेम ही तीन शहरं. बाजारातली गर्दी, मिनार, छपरांवरून धावत जाणं, सगळं त्या वेळी फार नवं होतं. आणि या जगात ठिकठिकाणी छोटे झेंडे रोवून ठेवले होते. तिन्ही शहरांत प्रत्येकी १००, शहरांमधल्या मोकळ्या प्रदेशात १००, आणि मस्याफ या गडाच्या गावात २०. एकूण ४२०. (आपल्याकडे या आकड्याचा जो अर्थ होतो तो कॅनडातल्या डेव्हलपरांना माहीत असण्याची शक्यता नाही. तरी योगायोग छान आहे.)

हे झेंडे गोळा केले की गोष्टीत काय होतं? काहीच नाही. अल्तायर त्यांच्याबद्दल एक शब्द बोलत नाही, कुणी त्याला ते आणायला सांगितलेलं नाही, आणि ४२०वा झेंडा मिळाल्यावर जग जसं होतं तसंच राहतं.

ओपन-वर्ल्ड गेमबद्दल गेली पंधरा-वीस वर्षं एक तक्रार सतत ऐकू येते: इतक्या वस्तू गोळा करायला लावतात की गेमच्या जगात रमता येत नाही. तक्रार बरोबर वाटते. मलाही वाटते. पण तक्रार म्हणजे संशोधन प्रश्न नाही. पीएचडीच्या मुलाखतीत तुम्ही ‘जास्त कलेक्टिबल्समुळे इमर्शन कमी होतं’ असं वाक्य टाकलंत, तर समोरून लगेच दोन प्रश्न येतील. जास्त म्हणजे किती? आणि कमी झालं हे कळलं कसं? या पोस्टमध्ये मी पहिल्या प्रश्नाकडे इतिहासाच्या बाजूने जाणार आहे, कारण ‘किती’चं उत्तर आकड्यात मिळत नाही हे इतिहास बघितल्यावर फार लवकर लक्षात येतं.

त्याआधी शब्दाचा थोडा गोंधळ निस्तरू. इमर्शन हा शब्द मुळात पाण्यात बुडण्याचा. जॅनेट मरे यांनी १९९७च्या ‘हॅम्लेट ऑन द होलोडेक’मध्ये तोच धागा धरून व्याख्या केली: पाण्यात उतरल्यावर जसं सगळ्या बाजूंनी वेगळंच काहीतरी आपल्याला वेढतं, तसं. २००४मध्ये एमिली ब्राउन आणि पॉल केर्न्स यांनी सात खेळाडूंच्या मुलाखती घेऊन इमर्शनच्या तीन पायऱ्या मांडल्या: आधी गुंतणं, मग गढून जाणं, आणि शेवटी पूर्ण बुडणं. प्रत्येक पायरीच्या आड काही अडथळे असतात, हे त्यांचं म्हणणं माझ्या विषयाला फार उपयोगी पडतं. पुढच्याच वर्षी लॉरा एर्मी आणि फ्रान्स मायरा यांनी वेगळी विभागणी केली: इंद्रियांनी होणारं इमर्शन, आव्हानातून होणारं आणि कल्पनेतून होणारं. गॉर्डन कालेहा यांनी तर २०११मध्ये ‘इमर्शन’ शब्दच बाजूला ठेवून ‘इन्कॉर्पोरेशन’ वापरला.

एर्मी-मायरांची विभागणी लक्षात ठेवा, पुढे ती लागणार आहे. कारण झेंडा शोधत छपरं पालथी घालणारा माणूस गढलेला असतोच. तासन्‌तास गढलेला असतो. फक्त तो ११९१च्या दमास्कसमध्ये असतो की एका यादीमध्ये, हा खरा मुद्दा आहे. मराठीत मी इमर्शनला सरसकट ‘तल्लीनता’ म्हणत नाही, ते याचसाठी. यादीतही तल्लीन होता येतं. आपल्याकडे अभिनवगुप्ताने रसास्वादाच्या आड येणारी सात विघ्नं सांगितली आहेत. गेमचा विचार करताना मला ‘रसभंग’ हा शब्द जास्त नेमका वाटतो, कारण तो लक्ष सुटण्याबद्दल नाही, लक्ष भलत्याच गोष्टीवर जाण्याबद्दलही आहे.

आता मागे जाऊ.

गोळा करणं ही गेममध्ये बाहेरून आलेली गोष्ट नव्हे. १९८०च्या ‘पॅक-मॅन’मध्ये प्रत्येक चक्रव्यूहात २४० ठिपके आणि ४ मोठ्या गोळ्या असतात. त्या संपवणं हाच खेळ. २४४ वस्तू ‘जास्त’ आहेत असं कुणी म्हटलं नाही, कारण त्या काढून टाकल्या तर मागे भुतं आणि भिंती उरतात. १९८२चा ‘पिटफॉल’ आणखी मजेशीर. अ‍ॅक्टिव्हिजनसाठी डेव्हिड क्रेन यांनी केलेल्या या गेममध्ये २५५ पडद्यांचं जंगल आहे, त्यात ३२ खजिने, आणि वेळ २० मिनिटं. म्हणजे इथे फिरायला मोठं जग आहे, वस्तू विखुरलेल्या आहेत, पण घड्याळ चालू आहे. प्रत्येक खजिना हा मार्ग कसा आखायचा याचा निर्णय होतो. हे घड्याळ पुढे नाहीसं झालं, आणि माझ्या मते या इतिहासातली सगळ्यात मोठी घटना तीच आहे. ती कुठल्याही एका वर्षी घडली नाही, त्यामुळे तिच्याकडे कुणाचं फारसं लक्ष जात नाही.

१९९६च्या ‘सुपर मारियो ६४’मध्ये १२० तारे होते, पण शेवटपर्यंत पोचायला ७० पुरत. बाकीचे ५० हौसेचे. ही मोकळीक महत्त्वाची. मग रेअर ही ब्रिटिश कंपनी आली. १९९८च्या ‘बँजो-कझूई’मध्ये १०० जिगी आणि ९०० सुरांच्या खुणा, १९९९च्या ‘डाँकी काँग ६४’मध्ये २०१ सोनेरी केळी आणि त्याखेरीज ३५०० रंगीत केळी. हा ३५०० आकडा कसा झाला ते बघण्यासारखं आहे. पाच माकडं, प्रत्येकाचा रंग वेगळा, प्रत्येकाला एका पातळीत १०० केळी, आणि पातळ्या सात. निळी केळी समोर दिसतात पण तुम्ही पिवळ्या रंगाचं माकड असाल तर ती उचलता येत नाहीत. मागे जा, पिंपात शिरून माकड बदला, परत त्याच खोलीत या. म्हणजे जग मोठं झालं नाही, तेच जग पाच वेळा तुडवायला लावलं. ‘कलेक्टॅथॉन’ हा शब्द या घराण्याच्या गेमना चिकटला आणि त्यात कौतुक हळूहळू कमी होत गेलं.

२००१मध्ये ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ३’ने ही सवय शहरात आणली. लिबर्टी सिटीत १०० लपवलेली पाकिटं. दर दहा पाकिटांमागे तुमच्या अड्ड्यावर एक नवीन हत्यार येऊन पडायचं. गुन्हेगारी शहरात गल्लीबोळात लपवलेलं पाकीट असणं विसंगत नाही, आणि मिळालेलं बक्षीस खेळात कामाला येतं. पुढच्या वर्षीच्या ‘व्हाइस सिटी’तही १०० पाकिटं होती.

इथे जरा थांबतो. माझ्या पिढीतल्या, महाराष्ट्रातल्या कुणालाही ‘व्हाइस सिटी’ विचारा, तो टँकबद्दल सांगेल, ‘पॅन्झर’ टाइप केलं की आकाशातून येणाऱ्या. लपवलेल्या पाकिटांबद्दल फार थोडे सांगतील. कारण आपल्यातले बरेच जण हा गेम तासावर पैसे मोजून सायबर कॅफेत खेळलो. अर्धा तास, एक तास. सेव्ह केलेली फाइल उद्या त्याच मशीनवर असेल याची खात्री नाही. १०० वस्तू गोळा करायच्या तर स्वतःचं मशीन हवं, स्वतःची सेव्ह फाइल हवी, आणि कुणी घड्याळाकडे बघत उभं नको. मी वर ‘घड्याळ नाहीसं झालं’ म्हणालो. कॅफेत ते गेमच्या बाहेर, काउंटरवर होतं. कलेक्टिबल्सवरच्या इंग्रजी लेखनात खेळाडू म्हणजे घरी निवांत बसलेला, डिस्क विकत घेतलेला माणूस असं धरूनच चाललेलं असतं. भारतातल्या गेमिंगवर काम करायचं ज्यांच्या मनात आहे त्यांनी या गृहीतकाला जरूर हात घालावा. सायबर कॅफेतल्या खेळाडूंच्या मौखिक इतिहासावर एक आख्खा प्रबंध होईल, आणि ती माणसं अजून आपल्या आसपास आहेत.

परत २००५कडे. नोव्हेंबरात एक्सबॉक्स ३६० बाजारात आला आणि त्यासोबत ‘अचीव्हमेंट’ आली. प्रत्येक डिस्कवरच्या गेमला १००० गुण, ते तुमच्या नावापुढे सगळ्यांना दिसणार. सोनीने प्लेस्टेशन ३वर ट्रॉफी आणली ती जुलै २००८मध्ये. या दोन तारखांमधल्या फटीत आपला ‘असॅसिन्स क्रीड’ येतो. एकच गेम, तेच ४२० झेंडे. एक्सबॉक्सवर ते पूर्ण केले की गुण, प्लेस्टेशनवर मात्र शून्य. संशोधकाला अशी तुलना आयती क्वचित मिळते. मी सिनॉप्सिसमध्ये हे लिहिलं तेव्हा माझ्या गाइड मॅडमनी समासात एकच शब्द लिहिला होता: ‘लोकसंख्या?’ म्हणजे, दोन कन्सोल विकत घेणारी माणसं मुळात वेगळी असतील तर फरक गुणांमुळे पडला की माणसांमुळे, हे कसं ठरवणार? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर त्या काळातल्या फोरमवरच्या चर्चा दोन्ही बाजूंनी वाचूनच थोडंफार देता येतं.

बक्षिसाने काय होतं याबद्दल मानसशास्त्रातला एक प्रयोग तुम्हाला सगळीकडे भेटेल. १९७३मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी चित्रं काढायची आवड असलेल्या बालवाडीतल्या मुलांचे तीन गट केले. एकाला आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर बक्षीस मिळेल, दुसऱ्याला न सांगता अचानक बक्षीस दिलं, तिसऱ्याला काहीच नाही. नंतर मोकळ्या वेळात पहिल्या गटातली मुलं चित्रांकडे कमी वळली. हा प्रयोग उचलून थेट गेमला लावण्याचा मोह होतो. लावू नका, निदान एवढ्या सरळ लावू नका. १९९४मध्ये कॅमरन आणि पिअर्स यांनी अनेक प्रयोग एकत्र करून हा परिणाम फारसा व्यापक नाही असं म्हटलं, १९९९मध्ये डेसी, कोस्टनर आणि रायन यांनी त्यांना उलट उत्तर दिलं. वाद आहे हे माहीत असणं आणि तो एका ओळीत तरी नोंदवणं, एवढं तुमच्याकडून अपेक्षित असतं.

आता, हे ४२० झेंडे आले कुठून? इथे साधनचिकित्सेचा मुद्दा येतो आणि मला तो सगळ्यात जास्त आवडतो.

२०२०मध्ये चार्ल्स रॅन्डल यांनी ट्विटरवर एक किस्सा लिहिला. पहिल्या ‘असॅसिन्स क्रीड’मध्ये लढाईच्या एआयचं काम त्यांच्याकडे होतं. त्यांचं सांगणं असं: गेम जवळजवळ तयार झाला होता, तेवढ्यात निरोप आला की कंपनीच्या सीईओच्या मुलाने गेम खेळला आणि त्याला तो कंटाळवाणा वाटला, करण्यासारखं काही नाही म्हणाला. मग पाच दिवसांत जोडकामं घालायची, आणि तीही एकही बग न ठेवता, कारण तीच प्रत डिस्कवर जाणार. बग राहिलाच: ६० टेम्प्लर सरदारांपैकी एखादा जमिनीतून खाली पडून नाहीसा व्हायचा, आणि मग तुमची यादी कधीच पूर्ण होत नाही.

किस्सा इतका चांगला आहे की तो लगेच सगळीकडे पसरला. आता तो ‘कारण’ म्हणून दिला जातो. पण आपण मराठीत इतिहास शिकतो तेव्हा एक गोष्ट पहिल्या वर्षात डोक्यात बसवली जाते: समकालीन पत्र वेगळं आणि नंतर लिहिलेली बखर वेगळी. राजवाडे बखरींवर का चिडायचे, हे आठवा. रॅन्डल यांचं ट्वीट म्हणजे बखर आहे. घटनेनंतर जवळजवळ तेरा वर्षांनी, आठवणीतून, रंगवून सांगितलेली. याचा अर्थ ती खोटी असा नाही. ते स्वतः तिथे होते. आणि जमिनीतून पडणारा सरदार हा तपशील गेममध्ये पडताळता येतो. पण ‘मुलगा कंटाळला म्हणून झेंडे आले’ हे वाक्य प्रबंधात लिहायचं तर ‘रॅन्डल यांच्या आठवणीनुसार’ हे शब्द सुटता कामा नयेत. शिवाय बखर ज्या प्रश्नाला उत्तर देत नाही तो प्रश्न शिल्लक राहतोच. पाच दिवसांत काहीतरी घालायचं ठरल्यावर नेमके झेंडेच का सुचले? उत्तर आपण वर बघत आलो: कारण २००७पर्यंत ‘जग मोठं आहे, भरायचं आहे’ या अडचणीवरचा सगळ्यात स्वस्त, सगळ्यांना पाठ असलेला उपाय तोच होता.

झेंडे गेमच्या नकाशावर दिसत नसत. हे आज नवल वाटतं. मग लोक काय करत? ब्राउझर उघडत. गेमफॅक्ससारख्या साइटवर खेळाडूंनी लिहिलेल्या, साध्या टेक्स्टमधल्या याद्या असत: अमुक मनोऱ्याच्या उत्तरेला, दुसऱ्या तुळईवर. डोळे अर्धा वेळ दमास्कसमध्ये आणि अर्धा वेळ छापलेल्या कागदावर. मिया कॉन्सॅल्वो यांनी २००७च्याच ‘चीटिंग’ या पुस्तकात गाइड, मासिकं, चीट कोड या सगळ्या भोवतालच्या उद्योगाला पॅराटेक्स्ट मानून त्याचा अभ्यास केला आहे. ते पुस्तक वाचल्याशिवाय या विषयात पुढे जाऊ नका. आणि त्या जुन्या टेक्स्ट गाइडना कमी लेखू नका. बऱ्याच गाइडच्या सुरुवातीला आवृत्ती क्रमांक आणि तारखा असतात, कुणी कुठला झेंडा कळवला त्याचे आभार असतात. आपल्या भाषेत सांगायचं तर ती रोजकीर्द आहे.

याच २००७च्या फेब्रुवारीत ‘क्रॅकडाउन’ नावाचा गेम आला होता. आज तो फारसा कुणाला आठवत नाही. तेव्हाही कितीतरी जणांनी तो ‘हॅलो ३’चा बीटा खेळायला मिळतो म्हणून घेतला होता. त्यात छपरांवर ५०० हिरवे गोळे आहेत, शिवाय ३०० लपवलेले. म्हणजे ८००, झेंड्यांच्या जवळजवळ दुप्पट. पण हिरवा गोळा घेतला की तुमची उडी वाढते. उडी वाढली की आधी न गाठता येणारं छप्पर गाठता येतं, तिथून आणखी तीन गोळे चमकताना दिसतात. गोळ्याचा आवाजही येतो, जवळ गेलात की घुमतो. कुठलीही यादी, कागद, ब्राउझर लागत नाही. नजर शहरावरच राहते, आणि दोन तासांनी त्या शहराकडे तुम्ही वेगळ्या शरीराने बघता. ८०० चालतात आणि ४२० खुपतात. म्हणून म्हणतो, ‘जास्त’ हे मोजमाप नव्हे.

मग गोष्टीशी जोडलं की झालं का? २००९च्या ‘असॅसिन्स क्रीड २’ने हेच करून बघितलं. फ्लॉरेन्समधल्या एत्सियोचा आजारी धाकटा भाऊ पेत्रुच्चो गेमच्या सुरुवातीला त्याच्याकडे पिसं मागतो. पुढे वडील आणि दोन्ही भाऊ फासावर जातात, आई मारिया बोलणं सोडते. आता शहराशहरात १०० पिसं विखुरलेली आहेत, आणि ती आणून आईच्या खोलीतल्या पेटीत टाकायची. कल्पना खरोखर सुंदर आहे. पहिली आठ-दहा पिसं उचलताना पेत्रुच्चो आठवतो. पण ३७वं पीस उचलताना? तेव्हा पडद्यावर ३७/१०० दिसतं आणि आपण त्रेसष्टचा हिशोब करतो. दुःख मोजणीत गेलं. गंमत म्हणजे सगळी पिसं दिल्यावर जो अंगरखा मिळतो तो घातला की प्रत्येक शहरात तुम्ही कुप्रसिद्ध होता, पहारेकरी मागे लागतात. लपून मारणाऱ्या माणसाला असं बक्षीस! डेव्हलपरांचा विनोद असेल. मला मात्र त्यात थोडी लाज दिसते.

‘ग्रँड थेफ्ट ऑटो ४’ (२००८) मध्ये तर निको बेलिक, युद्धातून आलेला, भूतकाळाने पछाडलेला माणूस, आणि त्याने २०० कबुतरं गोळ्या घालून मारायची. क्लिंट हॉकिंग यांनी २००७मध्ये ‘बायोशॉक’बद्दल लिहिताना ‘ल्युडोनॅरेटिव्ह डिसोनन्स’ हा शब्दप्रयोग केला: गेमची गोष्ट एक सांगते आणि गेमचे नियम दुसरंच करायला लावतात. तो शब्द पुढे इतका वापरला गेला की घासून गुळगुळीत झाला, पण कबुतरांना तो लागू पडतो. हॉकिंग स्वतः ‘फार क्राय २’वर (२००८) काम करत होते, आणि तिथे हिऱ्यांच्या २२१ पेट्या आहेत. त्या शोधायला हातातल्या यंत्रावरचा छोटा दिवा लुकलुकतो, पेटी जवळ आली की जोरात. नकाशाही पात्राच्या हातातच धरलेला. आफ्रिकेतल्या त्या युद्धात हिरे हेच चलन, त्यांच्यावर हत्यारं मिळतात. म्हणजे शोधणारं यंत्र, शोधलेली वस्तू आणि तिचा उपयोग, तिन्ही गोष्टी त्याच जगातल्या.

२०१०नंतरचा काळ मी भरभर सांगतो, कारण तो तुम्हाला माहीत आहे. नकाशावर खुणा आल्या. उंच मनोऱ्यावर चढा, भोवतालच्या सगळ्या वस्तू नकाशावर उमटतील. ‘असॅसिन्स क्रीड ४’ (२०१३) मधले २०० अॅनिमस तुकडे असेच. आता ब्राउझर उघडावा लागत नाही, पण डोळे कोपऱ्यातल्या छोट्या नकाशावरून हलत नाहीत. ‘द विचर ३’ (२०१५) सारख्या, लेखनासाठी वाखाणलेल्या गेममध्येही स्केलिगेच्या समुद्रात प्रश्नचिन्हांची रांग आहे, बहुतेक तस्करांच्या बुडालेल्या पेट्या. मुलीसारख्या सिरीच्या जिवावर बेतलेलं असताना गेराल्ट होडीतून पेट्या गोळा करत फिरतो, आणि जग थांबून राहतं. घड्याळ नाही ना.

२०१७च्या ‘द लेजेंड ऑफ झेल्डा: ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये आकडा ९००वर गेला. कोरोक नावाचे छोटे वनदेव लपलेले असतात, सापडले की एक बी देतात, आणि बिया दिल्या की सामान ठेवायची जागा वाढते. सगळी जागा वाढवायला ४४१ बिया पुरतात. सापडण्याआधी नकाशावर काहीही दिसत नाही. दगडांच्या वर्तुळात एक दगड कमी आहे. मूर्तींच्या रांगेत एकीच्या पुढ्यात सफरचंद नाही. डोंगराच्या टोकावर एकटाच धोंडा का आहे? बघायचं, खटकलं तर हात लावायचा. म्हणजे इथे गोळा करणं हे बघण्याचं फळ आहे. ९०० एवढ्यासाठीच, की कुणीही कुठल्याही दिशेने गेलं तरी वाटेत काहीतरी भेटावं. सगळे शोधावेत म्हणून नव्हे. सगळे शोधलेच तर मिळते ती सोन्याच्या रंगाची, विष्ठेच्या आकाराची एक वस्तू. निरुपयोगी. डिझाइनरने ‘हे करू नकोस’ याहून स्पष्ट काय सांगायचं?

आणि तरी लोकांनी केलं. कारण मुख्य गोष्ट संपल्यावर नकाशावर टक्केवारी दिसू लागते, आणि कोरोक त्यात मोजले जातात. जूनमध्ये आलेल्या पैसे देऊन घ्यायच्या जोडभागात निन्टेंडोने चक्क एक मुखवटा दिला, कोरोक जवळ असला की तो थरथरतो. ज्या क्षणी मुखवटा घातला त्या क्षणी दगडांचं वर्तुळ बघायची गरज संपली. तोच गेम, तेच ९००, पण बघणं जाऊन झडती सुरू झाली. मला माझ्या प्रकरणासाठी यापेक्षा चांगलं उदाहरण मिळालेलं नाही: वस्तूंची संख्या कायम ठेवून फक्त शोधण्याची रीत बदलली तर काय होतं, ते एका गेमच्या आतच बघायला मिळतं.

‘रेड डेड रिडेम्प्शन २’ (२०१८) बद्दल एक निराळी गोष्ट. त्यात १४४ सिगारेट कार्डं आहेत, बाराचे बारा संच. गेमचा काळ १८९९, आणि अमेरिकेत सिगारेटच्या पाकिटात अशी चित्रकार्डं घालायची पद्धत १८८०च्या दशकात खरंच जोरात होती. पाकीट चेपू नये म्हणून पुठ्ठा, आणि संच पूर्ण करायला गिऱ्हाईक परत येतं. गेममध्ये कार्डं इकडेतिकडे सापडतात, तशी दुकानातून महागडी सिगारेट घेतली की पाकिटातही निघतात. म्हणजे गोळा करणं हीच त्या काळातली एक सवय होती आणि पात्र ती जगतं. माझ्या वाचनात कलेक्टिबल्सवर टीका करणारे लेख हा प्रकार बहुतेक वेळा सोडून देतात.

ज्यांना यावर लिहायचं आहे त्यांच्यासाठी शेवटी साधनांबद्दल, कारण इथे वेळ निघून चालला आहे. २०१४चा ‘असॅसिन्स क्रीड युनिटी’ घ्या, फ्रेंच राज्यक्रांतीतलं पॅरिस. नकाशा खुणांनी एवढा भरलेला की तो विनोदाचा विषय झाला. त्यातल्या काही पेट्या गेम खेळून उघडतच नसत. त्यासाठी फोनवर वेगळं अॅप घ्यावं लागे. खेळाडू भडकले, आणि २०१५मध्ये अपडेट देऊन ती अट काढून टाकली गेली. आज तुम्ही ‘युनिटी’ डाउनलोड केलात तर तुम्हाला तो २०१४चा गेम मिळतच नाही. पेट्या आहेत, अट नाही. ‘पेट्यांनी रसभंग झाला’ असं लिहिणारा २०१४चा परीक्षक आणि आज तोच गेम खेळून ‘एवढं काय त्यात’ म्हणणारे तुम्ही, दोघं वेगळ्या वस्तूबद्दल बोलता आहात. म्हणून नोंदवहीत गेमच्या नावापुढे कन्सोल, आवृत्ती आणि खेळल्याची तारीख लिहा. शक्य असेल तिथे जुनी डिस्क मिळवा, आणि ती चालवताना कन्सोलचं इंटरनेट आधी बंद करा, नाहीतर ते अपडेट आपोआप येऊन बसतं.